चमत्काराचा वाद आणि केवट्टाचा आग्रह

जानेवारी 2023 मध्ये आपल्या शेजारच्या नागपुरात पेटलेला वाद वाचकांना आठवत असेल. बागेश्वर धामचे धीरेंद्रकृष्ण शास्त्री यांच्या रामकथेसोबत तेथे ‘दिव्य दरबार’ भरला. समोर येणाऱ्याच्या मनातील अडचण ते न सांगता ओळखतात आणि कागदावर उतरवतात, असा दावा होता. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे प्रा. श्याम मानव यांनी ठरलेल्या अटींखाली ही शक्ती सिद्ध करून 30 लाख रुपये न्यावेत, असे आव्हान दिले. नागपुरात ती परीक्षा झाली नाही. उलट रायपूरच्या दरबारात येण्याचे निमंत्रण मिळाले. समितीच्या तक्रारीवर, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे पोलिसांनी कळवले. दरम्यान मानवांना धमक्या आल्या आणि त्यांची सुरक्षा वाढवावी लागली.

यानंतर दोन्ही बाजूंनी आपापला विजय जाहीर केला. श्रद्धावान म्हणाले, पोलिसांनी निर्दोष ठरवले, म्हणजे सिद्धी खरी. संशयवादी म्हणाले, आव्हान टाळले, म्हणजे सारी लबाडी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दोन्ही निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावणारे वाटतात. गुन्हा होत नाही, एवढेच पोलिसांनी सांगितले होते. मन वाचण्याच्या शक्तीचे प्रमाणपत्र त्यांनी दिले नव्हते. परीक्षा टाळल्याने दावा असिद्ध राहतो. फसवणूक सिद्ध करायची तर तिचा वेगळा पुरावा लागतो. अर्थात, दोन्ही पक्षांवरील भार सारखा नाही. जो असाधारण शक्तीचा दावा करतो, पुरावा त्यानेच द्यायचा असतो.

हा वाद नवा नाही. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात त्याचे जुने रूप सापडते. नालंदा येथील आम्रवनात केवट्ट नावाचा गृहस्थ तथागतांना विनंती करतो की, एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवण्याची आज्ञा द्यावी. म्हणजे नगरातील लोकांची श्रद्धा वाढेल. तो तीनदा आग्रह धरतो. तथागत नकार देतात आणि त्याचे कारणही सांगतात. भिक्खूने आकाशगमन केले, तर श्रद्धावान ते कौतुकाने सांगेल आणि अश्रद्ध म्हणेल की ही गांधारी नावाची विद्या आहे. भिक्खूने दुसऱ्याच्या मनातले ओळखले, तर तो म्हणेल की ही मणिका विद्या आहे. नागपुरात ज्या दाव्यावरून रान पेटले, नेमका तोच दावा येथे आहे! चमत्काराने वाद मिटत नाही, तो तेथून सुरू होतो, हे तथागतांनी जाणले होते. म्हणून त्यांनी अनुशासनाला, म्हणजे माणसाला विचार आणि आचरण शिकवण्याला, खरे प्रातिहार्य मानले.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. कपाशीच्या शेतात साप चावतो, तेव्हा रुग्णाला मांत्रिकाकडे न्यावे की दवाखान्यात, यावर घरातच दोन पक्ष पडतात. एखादी आजी सांगते, ‘माझा भाऊ मंत्रानेच वाचला.’ शिकलेला नातू तिला अडाणी ठरवतो. तेथेच संवाद संपतो आणि वेळ वाया जातो. वास्तविक भाऊ वाचला, हे आजीचे म्हणणे खरे असू शकते. बरेच साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण मंत्राशिवायही वाचतात, आणि श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले असेल, तर प्रतिसर्पविषच लागते. तेव्हा नातवाने आजीला आदराने विचारावे, ‘त्या मांत्रिकाकडे आणलेल्यांपैकी दगावले किती, हे कुणी मोजले का?’ या प्रश्नाने आजीचा अपमान होत नाही आणि विचाराला वाट मिळते.

सर्प, विंचू किंवा श्वानदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. युक्तिवादाला गोळीने उत्तर देणाऱ्यांनी या वादाची किंमत आपल्याला दाखवून दिली आहे. म्हणूनच वाद सभ्यतेने घालण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

आपण बौद्ध आहोत, म्हणून आपोआप विवेकी झालो, असेही मानू नये. बाबासाहेबांनी चिकित्सेची धार प्रथम आपल्याच परंपरेवर चालवली. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा त्यांनी स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर हे काहीच पाहिले नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे कारण त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले. आपल्याला प्रिय असलेल्या कथेलाही पुरावा विचारणे हा त्यांनी दिलेला वारसा आहे. मग आपल्या घरातील गंडेदोरे, मुहूर्त आणि ‘बाहेरचे’ पाहणे यांना सूट कशी द्यावी?

निवासी शाळेत मुले चोवीस तास एकत्र राहतात. भुताच्या गोष्टी रात्री वसतिगृहातही रंगतात, आणि रंगाव्यात. शिक्षकांनी मुलांना दटावून गप्प करू नये. तीन प्रश्न मात्र त्यांच्या हाती द्यावेत. हे स्वतः कुणी पाहिले? दुसरे कोणते कारण संभवते? आणि काय दिसले तर तू आपले मत बदलशील? तिसरा प्रश्न श्रद्धावानाला विचारावा, तसाच संशयवाद्यालाही विचारावा. त्याचे प्रामाणिक उत्तर देणारा विद्यार्थी येथून बाहेर पडला, तर केवट्टाच्या आग्रहाला आपल्या शाळेने योग्य उत्तर दिले, असे म्हणता येईल.