ह्यूगो घोडपदेवला नाही, तर कुठे?

‘घोडपदेवला फ्रान्सचा इतिहास कोण बघणार?’ हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता रागसुद्धा येत नाही, कंटाळा येतो. माझं म्हणणं एवढंच असतं की व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ एका नटाने एकट्याने आमच्या गणपतीच्या मंडपात सादर करावी. समोरचा लगेच नाक मुरडतो. तिथे काहीतरी विनोदी ठेवा म्हणे, अभिजात वगैरे पार्ल्याला!

का बुवा?

कादंबरी आहे कुणाची? पाव चोरला म्हणून पकडलेल्या आणि पळायच्या प्रयत्नांची शिक्षा धरून १९ वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाची. साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली, ती काय दिवाणखान्यात मिरवायला?

बरं, त्यातला उठाव १७८९च्या क्रांतीचा नाहीच. तो जून १८३२चा. पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ होती. जनरल लामार्क त्यातच गेला, त्याच्या अंत्ययात्रेत ठिणगी पडली आणि दोन दिवसांत सगळं चिरडलं गेलं. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळाल्या असत्या. ह्यूगोने १८६२ साली कादंबरीत आणला म्हणून तो जगाला माहीत आहे. पुढे १८५३पासून पॅरिसच्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. आपल्याकडे १८९६ला प्लेग आला आणि १८९८ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, बीआयटी चाळी बांधल्या. साथ, पाडापाडी, संप... गिरणी-गोदीवाल्यांच्या वस्तीला यातलं नक्की काय समजावून सांगावं लागणार आहे?

‘विषय परका आहे’ हे तर अजिबात सांगू नका. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला आणि तो इथल्या कामगारांपुढे गायला गेला. बर्फ कुणी पाहिला होता हो?

आणि एकपात्रीच का? कारण ते आपल्या हाडात आहे. कीर्तनकार एकटाच राजा होतो, राणी होतो, चोरही होतो. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे. फिरता रंगमंच नको, धूर नको. ह्यूगोच्या गोष्टीतला अडथळा तरी कशाचा असतो? घरातलं सामान आणि एक उलटी केलेली गाडी. एक बाकडं नि दोन खुर्च्या आमची चाळ देईल.

हां, नट नुसती फ्रेंच नावं घोकून आला तर लोक उठून जाणारच. पार्ल्यातले सभ्यपणे बसून राहतील, आमचे नाही बसणार. पण तो दोष नटाचा, वस्तीचा नव्हे.

तेव्हा लोकांना काय झेपेल ते परस्पर ठरवू नका. आधी प्रयोग लावा. मंडप रिकामा झाला तर मग बोलू.