नालेसफाईच्या पुढचा प्रश्न : पुराचा विमा



मे महिना आला की नालेसफाई किती टक्के झाली यावरून दरवर्षी वाद रंगतो. तो व्हायलाच हवा. पण बोरिवली पूर्वेला दहिसर नदीजवळ राहणारी आणि सोसायटीचे सचिवपद सांभाळणारी म्हणून मला एक प्रश्न सतत छळतो. पाणी घरात शिरलेच, तर नुकसान भरून कोण देणार? माझे म्हणणे असे की, उपनगरांतल्या प्रत्येक सोसायटीने आणि घरमालकाने पुराचे संरक्षण असलेला विमा घ्यावा. आणि कोणत्या गल्लीत किती पाणी चढते, याची नोंद पालिकेने लोकांपुढे ठेवावी.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नाही. म्हणजे ‘मुंबईत पाऊस’ या दोन शब्दांवरून आपल्या घराचा धोका कळत नाही. मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या चारही नद्या उपनगरांतून वाहतात. 18 जुलै 2021 च्या पावसात भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातच पाणी शिरले आणि शहराचा पाणीपुरवठा कोलमडला. 8 जुलै 2024 ला पहाटे काही ठिकाणी सहा तासांत 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, म्हणजे ताशी सरासरी पन्नास. आपली जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती आणि ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात त्यांची क्षमता 50 पर्यंत वाढवायची ठरली. नाले आरशासारखे स्वच्छ केले तरी अशा रात्री, त्यात भरती असेल तर, पाणी तुंबणारच.

त्यात रस्ते उंच होत चालले आहेत. थरावर थर चढतात, आता काँक्रीटीकरण आले, आणि जुन्या इमारतींची आवारे रस्त्याच्या खाली गेली. आमच्या भागात अशा कितीतरी सोसायट्या आहेत, जिथे फाटकातून आत शिरताना उतरावे लागते. ज्या तळमजल्यांनी 2005 नंतर कधी पाणी पाहिले नव्हते, तिथे आता तासाभराच्या जोरदार सरीने उंबऱ्याशी पाणी लागते.

सोसायटीच्या सभेत विम्याचा विषय काढला की वरच्या मजल्यावरचे सभासद म्हणतात, “आमच्या घरात कुठे पाणी येतं? आम्ही का भरायचं?” त्यांना माझी विनंती आहे की एकदा खाली येऊन मीटर रूम पाहावी. सगळ्या फ्लॅटचे मीटर तिथेच, पंप तिथेच, लिफ्टचा खड्डा त्याच पातळीवर, आणि जमिनीखालच्या टाकीचे झाकण आवारात. गटाराचे पाणी त्या टाकीत शिरले की सातव्या मजल्यावरचा नळही प्यायच्या लायकीचा राहत नाही. पंप जळला, लिफ्ट बंद पडली, तर सर्वाधिक हाल वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे होतात.

विम्याबद्दलचे गैरसमज तर फारच खोलवर रुजले आहेत. गृहकर्ज घेताना बँकेने हप्ता कापला म्हणजे घराचा विमा झाला, असे कित्येकांना वाटते. तो अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींत आग आणि भूकंप यांसाठी इमारतीचा विमा उतरवण्याचे बंधन आहे, पुराचे नाव त्यात नाही. शिवाय इमारतीच्या विम्यात तुमचा फ्रिज, कपाट, गाद्या येत नाहीत. खरे तर 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी आणली आहे. तिच्यात पूर, पाणी शिरणे, वादळ आणि दरड कोसळणे ही सगळी संकटे मूळ संरक्षणातच येतात. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या असल्फा भागात दरडीखाली कित्येक संसार गाडले गेले, हे आठवले की दरडीचा हा उल्लेख किती मोलाचा आहे ते कळते.

या पॉलिसीत विम्याची रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. सहाशे चौरस फूट चटईक्षेत्र आणि तीन हजार रुपये दर धरला, तर ती अठरा लाख होते. घरातील सामानासाठी तिच्या 20 टक्के, म्हणजे इथे तीन लाख साठ हजार, आपोआप धरले जातात. त्याची कमाल मर्यादा दहा लाख. हप्ता या रकमेवर असतो, फ्लॅटच्या समजा दीड कोटीच्या बाजारभावावर नाही. घर राहण्याजोगे उरले नाही तर पर्यायी घराच्या भाड्याचीही तरतूद आहे. भाडेकरू नुसत्या सामानाचा विमा घेऊ शकतो. दाव्यासाठी पाणी ओसरल्यावर भिंतीवरच्या खुणेला टेप लावून फोटो काढा, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेले सामान फेकू नका. कंपनीने दावा अडवला तर सांताक्रूझला विमा लोकपालांचे कार्यालय आहे, तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही.

काही मित्र म्हणतात, विमा काढला की पालिका मोकळी सुटेल. मला हे अजिबात पटत नाही. आज पाणी ओसरले की पुरावाही ओसरतो. एकाच गल्लीतून वर्षानुवर्षे दावे होऊ लागले, सर्व्हेअरचे अहवाल जमा झाले, की ‘तिथे पाणी भरत नाही’ असे कोणी म्हणू शकणार नाही. अमेरिकेत 1968 च्या राष्ट्रीय पूर विमा योजनेबरोबर गावोगावचे पूर-नकाशे बनत गेले. तिथे नेहमीच्या घर-विम्यात पूर धरत नाहीत, आणि धोक्याच्या पट्ट्यातील घराला बँका पूरविम्याशिवाय सहसा कर्ज देत नाहीत. आपल्याकडे संरक्षण मूळ पॉलिसीतच आहे, नकाशा मात्र लोकांच्या हाती नाही. जलसंपदा विभाग नद्यांसाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो, पण उपनगरांत बहुतेक पाणी नाल्यांचे आणि गटारांचे असते, ते या रेषांत सापडत नाही. घर घेताना कागदांच्या चळतीत ‘इथे इतके फूट पाणी आले होते’ ही ओळ मी कधी पाहिलेली नाही.

झोपडपट्टीतल्या आणि कच्च्या घरांतल्या लोकांना हा मार्ग सहज खुला नाही, आणि त्यांचे नुकसान सर्वांत मोठे. त्यांच्यासाठी शासनानेच सामूहिक विमा उतरवावा. नागालँडसारख्या छोट्या राज्याने ठरावीक पाऊस झाला की भरपाई मिळणारा विमा राज्याच्या नावे घेतला; महाराष्ट्राला ते जड नाही.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, पण तोवर पावसाळा संपत आलेला असतो. म्हणून सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना कळकळीची विनंती : जूनच्या आत विशेष सभा बोलवा, पुराच्या विम्याचा ठराव मांडा, आणि आपल्या आवारात आजवर किती पाणी चढले याच्या नोंदीची मागणी लेखी स्वरूपात वॉर्ड कार्यालयाकडे करा.

– एक सोसायटी सचिव, बोरिवली (पूर्व)