सामाईक धुलाईघरातील समिती

अमरावती-अकोल्याच्या व्यापारी घरांतील मुले शिक्षणासाठी वसतिगृहात जातात, तेव्हा त्यांना हिशेब येतो. कपडे धुणे मात्र येत नाही. सामाईक धुलाईघरात प्रथम पाऊल ठेवणाऱ्याने साधू-साध्वींचे पडिलेहण आठवावे. प्रत्येक वस्त्र झटकून, त्यात जीव नाही हे पाहून, खिसे रिकामे करून मगच ते यंत्रात टाकावे. रंग सोडणारे कपडे वेगळे धुवावेत. एकाच्या नव्या कुडत्याने इतर सारे कपडे डागाळतात.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाण्याला फेस येत नाही, म्हणून घरोघरी साबण अधिक वापरण्याची सवय असते. गोड्या पाण्यात तीच मात्रा टाकल्यास फेस निघता निघत नाही, खळबळण्यास पाणी जास्त लागते आणि अप्कायाची विराधना वाढते. तेथे निम्म्या पुडीने आरंभ करावा.

दुसऱ्याचे धुतलेले कपडे यंत्रात राहिले असतील, तर थोडी वाट पाहावी. नंतर ते काढून कोरड्या, स्वच्छ जागी नीट ठेवावेत. आदान-निक्षेपण समिती हीच. आपले कपडे मात्र वेळेवर काढावेत. दुसऱ्याचा खोळंबा ही न फिटणारी उधारी होय.