हाजी अलीजवळचा दुसरा घुमट

माझी अम्मी कित्येक वर्षांपासून हाजी अलीला जाते. मुंब्र्याहून लोकल, दादरला गाडी बदलायची, महालक्ष्मीला उतरून टॅक्सी. दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर आणखी एक मोठा घुमट आहे. सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एनएससीआय डोम. गाण्याचे जलसे, सामने, पुरस्कार सोहळे तिथे होतात. अम्मी त्याच्या समोरून शेकडो वेळा गेली असेल, आत एकदाही नाही. "ती आपली जागा नाही गं," एवढंच म्हणायची.

2019 च्या प्रो कबड्डीत यू मुंबाचे सामने तिथे होते. मी तीन तिकिटं काढली : अम्मी, धाकटा भाऊ आणि मी. घरात लगेच चर्चा सुरू झाली. चाचा म्हणाले, "बायकांना तमाशा बघायला नेतेस?" भाऊ म्हणाला, "अम्मीच्या बुरख्याकडे लोक बघत राहतील." मला स्वतःला तिकिटाचे पैसे टोचत होते. पण अम्मी म्हणाली, "शाळेत मीपण कबड्डी खेळायचे." तिथे विषय संपला.

सामना साडेसातचा, म्हणजे नेमकी मगरिबची वेळ. सार्वजनिक जागी नमाजवरून किती वाद होतात ते माहीत असल्यामुळे माझ्याच पोटात गोळा आला होता. अम्मीनं सरळ दारावरच्या सुरक्षारक्षक बाईंना विचारलं. त्यांनी जिन्याखालचा कोपरा दाखवला. शेजारच्या खुर्चीवरच्या काकू म्हणाल्या, "पिशवी राहू द्या, मी बघते." पाच मिनिटांत अम्मी परत जागेवर.

मग खेळ सुरू झाला. यू मुंबाचा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली, डाव्या कोपऱ्यातला बचावपटू. चढाईला आलेल्याचा पाय त्याच्या हाती लागला की सुटका नाही. त्याच्या प्रत्येक पकडीला अख्खं स्टेडियम ओरडत होतं, "फझल! फझल!"

माझ्या भावाचंही नाव फझलच. त्याच वर्षी तो ठाण्यात भाड्याची खोली शोधत होता. फोनवर खोली रिकामी असायची, नाव सांगितलं की "आत्ताच गेली." त्या संध्याकाळी तेच नाव हजारो मुंबईकर घसा फोडून घेत होते. भाऊ काही बोलला नाही. नुसता उभा राहून ओरडत होता.

मला गैरसमज पसरवायचा नाही. चाळीस मिनिटांच्या सामन्यानं कुणाला खोली मिळत नाही. भावालाही लगेच मिळाली नाही. घरासाठीची लढाई कायद्यानं आणि संघटनेनंच लढावी लागेल. पण शेजारच्या काकू आणि अम्मी मध्यंतरात आपापल्या शाळेतल्या कबड्डीच्या गोष्टी सांगत होत्या. हे आमच्या मोहल्ल्यात बसून झालं नसतं, आणि त्यांच्या सोसायटीत बसूनही नाही. एकमेकांशेजारी खुर्च्या असतील अशा जागा या शहरात फार थोड्या उरल्या आहेत.

2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क मान्य केला. त्यासाठी आपल्याच बहिणी कोर्टात गेल्या होत्या. या दुसऱ्या घुमटाच्या दारावर तर कुणीच बंदी घातलेली नव्हती. तरी आपण बाहेरच होतो. काही पैशांमुळे, काही भीतीमुळे आणि काही "लोक काय म्हणतील" म्हणून.

गाणं ऐकावं की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या विवेकाला विचारावं. तो निवाडा मी करत नाही. पण "ती आपली जागा नाही" हे वाक्य मात्र मला मान्य नाही. आयोजकांनी स्वस्त तिकिटांच्या रांगा वाढवाव्यात आणि शेवटची लोकल मिळेल अशा वेळेला कार्यक्रम संपवावा, ही मागणी आपण जरूर करू. पण मागणी करायला आधी तिथे जावं लागतं.

पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा एक जास्त काढा. आईसाठी. परतीच्या गाडीत माझ्या अम्मीनं विचारलं होतं, "पुढचा सामना कधी आहे?"