जाळी माशांसाठी, पाणी माणसांवर

गेल्या पावसाळ्यात आमच्या भिशीच्या बायकांची सहल एका फार्महाऊसवर गेली. मालकाने ओढा अडवून मातीचा बांध घातलाय. मागे छानसं तळं, दोन होड्या, काठावर झोपाळा. दुपारी गरम पिठलं-भाकरी. आम्ही अगदी खुशीत होतो!

जेवण झाल्यावर बांधावर फिरायला गेले. टोकाला सांडवा होता, म्हणजे तळं भरलं की जादा पाणी वाहून जाण्याची वाट. त्याला बारीक जाळी ठोकलेली आणि जाळीत पालापाचोळा, फांद्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या गच्च अडकलेल्या.

“दादा, ही जाळी कशाला?” मी राखणदाराला विचारलं.

“सायबांनी मासे सोडल्यात ना ताई. पान्यासंगं निघून जात्यात.”

तळ्याचं पाणी बांधाच्या माथ्यापासून जेमतेम हातभर खाली होतं. बांधाच्या पायथ्याला आठ-दहा घरांची वस्ती. दोरीवर कपडे वाळत होते, पोरं खेळत होती. माझ्या पोटात गोळाच आला.

मैत्रिणींनो, मोरीच्या जाळीत केस आणि खरकटं अडकलं की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मोरी तुंबते आणि पाणी उंबऱ्यावरून घरात येतं. इथे उंबरा मातीचा होता. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की ते माती कापत जातं आणि बघता बघता बांधच जातो.

मी मागे एकदा वाचलेली अमेरिकेतली गोष्ट तेव्हा आठवली. पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाऊन हे कामगारांचं गाव. त्याच्या वर सुमारे 14 मैलांवर मातीचं एक जुनं धरण होतं. 1879च्या सुमारास ते एका श्रीमंतांच्या क्लबने मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतलं. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक यांच्यासारखी बडी मंडळी सभासद होती. पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबने परत बसवले नाहीत. घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून बांधाचा माथा दोन-तीन फूट उतरवला आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या! 1880 साली खालच्या पोलाद कारखान्याच्या इंजिनिअरने पाहणी करून धोका सांगितला होता. क्लबने तो उडवून लावला.

31 मे 1889. रात्रभर धो धो पाऊस. जाळ्या तुंबल्या. ऐनवेळी माणसं धावली, पण ओंडके अडकून बसलेल्या जाळ्या कुठल्या निघायला! दुपारी धरण फुटलं आणि तासाभरात जॉन्सटाऊन वाहून गेलं. 2,209 माणसं गेली. 99 कुटुंबांत तर दिवा लावायलाही कुणी उरलं नाही. रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन तेव्हा 67 वर्षांच्या होत्या. त्या तिथे जाऊन पाच महिने राहिल्या, बेघरांना आसरा दिला. क्लबला मात्र एकाही खटल्यात भरपाई द्यावी लागली नाही.

“अगं, ते केवढं धरण, आणि हे केवढंसं तळं!” परतीच्या गाडीत एक मैत्रीण म्हणाली. पण जॉर्जिया राज्यातल्या टोकोआचं केली बार्न्स धरण जेमतेम 40 फुटांचं होतं. तेही खासगी, मातीचं. वीजनिर्मिती बंद झाल्यावर फक्त विरंगुळ्यासाठी उरलेलं. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर ते फुटलं आणि झोपेतली 39 माणसं गेली. त्यात निम्म्याहून जास्त मुलं होती. आणि आपलं चिपळूणचं तिवरे? ते सरकारी, पण मातीचं आणि लहानच. गावकरी गळतीच्या तक्रारी करत होते. 2 जुलै 2019 च्या रात्री व्हायचं ते झालं.

आपल्याकडे 2021 साली धरण सुरक्षा कायदा आला. पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि काही अटी लागू असतील तर 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू होतो. फार्महाऊसमागचं तळं त्यात बसतच नाही. मग बघायचं कुणी?

वस्तीतल्याच एकीला मी म्हटलं, “तुम्ही का नाही बोलत?” ती हसली. “बाई, त्येंच्याच सैपाकघरात भाकऱ्या थापते मी. बोलू कशी?” मघाशी आम्ही मिटक्या मारत खाल्लेल्या भाकऱ्या तिच्याच हातच्या होत्या.

म्हणून मला वाटतं, हे विचारायचं काम आपलं आहे. आपण पैसे मोजून जाणारे पाहुणे. आपल्याला नोकरी जायची भीती नाही. होडीत बसण्याआधी मालकाला एवढं तरी विचारू या: सांडवा मोकळा आहे ना? गरज पडली तर पाणी सोडायची सोय आहे का? बांधावर मोठी झाडं, उंदरांची, खेकड्यांची बिळं नाहीत ना? पायथ्याशी ओल आहे का? आणि झिरपणारं पाणी गढूळ दिसलं, तर आतली माती वाहू लागलीय असं समजून लगेच ग्रामपंचायतीत आणि तहसीलदारांकडे लेखी कळवायचं.

मी त्या मालकांना फोन केला. “ताई, इतक्या वर्षांत काही झालं नाही,” ते म्हणाले. जॉन्सटाऊनचा क्लबही तेच म्हणत असणार! मग भिशीतल्या अकराजणींनी सह्या करून ग्रामपंचायतीला अर्ज दिला. पंधरा दिवसांनी जाळी निघाली. बांधाची तपासणी अजून व्हायची आहे. पुढचा पावसाळा येण्याआधी आम्ही परत जाणार आहोत, पण यावेळी पिठलं-भाकरी नंतर, आधी सांडवा बघणार.