मंडईतली मनी

१८८६ साली उभ्या राहिलेल्या आपल्या मंडईत गेल्या आश्विनात वांगी घेत होतो. रिकाम्या पाटीत मांजराची दोन पिल्ले भिजून कुडकुडत होती.

"न्या की साहेब, आई गेली त्यांची!" मावशी म्हणाल्या.

पिशवीत वांग्यांवर बसवून दोघींना घरी आणले. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला, आणि मग स्वतःच गाईचे दूध पाजले. एक पिल्लू पहाटेपूर्वीच गेले.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आधी ऊब द्यायची. आणि गाईचे दूध त्यांना बाधते हो!"

माया होती, माहिती नव्हती.

दुसरी जगली. यंदा तिच्यासाठी आमच्याकडे लवंगी माळसुद्धा आणलेली नाही.

मंडईत मावशी विचारतात, "दोघी खुशाल ना?"

मी मान हलवतो आणि घाईघाईने कोथिंबीर निवडू लागतो.