घरच्या कपासाठी चहा



मेच्या पहिल्या आठवड्यात टोकियोतल्या चहाच्या दुकानांबाहेर 'शिंचा' लिहिलेले झेंडे लागतात. शिंचा म्हणजे नवा चहा. जपानी पंचांगातला वसंतारंभ फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. तिथून मोजलेली ८८वी रात्र १ किंवा २ मेला पडते, आणि त्या सुमारास खुडलेली पानं वर्षातली सर्वांत उत्तम समजली जातात. जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांपैकी अनेकांची जुलै-ऑगस्टची तिकिटंही याच दिवसांत काढून होतात आणि गावी काय न्यायचं याच्या याद्या सुरू होतात. यादीत चहा असतोच.

पण पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या किती घरांत फुजी पर्वताचं चित्र असलेला हिरव्या चहाचा देखणा डबा वर्षानुवर्षं न संपता पडून आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्या डब्यात कुणाच्या तरी शेतातलं पीक आहे. ते असं वाया जातं याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून यंदाचं संपादकीय चहाबद्दल.

डबा पडून राहतो, कारण आपण तो विमानतळावर, शेवटच्या तासात, चित्र बघून घेतो. घरी तो कोण पिणार आणि कसा करून पिणार, याचा विचार त्या खरेदीत नसतो. आपल्या घरातला चहा सीटीसीचा, दाणेदार. ही पद्धत १९३०च्या सुमारास आसाममध्ये निघाली. पान चुरडून, फाडून, गोळ्या वळून केलेला हा चहा उकळावा, त्यात आलं किंवा गवती चहा घालावा, दूध-साखर घालावी आणि तरीही त्याचा कडकपणा उरावा, यासाठीच तो असतो. जपानी सेंचाची घडण याच्या उलट. पान खुडल्यावर काही तासांत त्याला वाफ देतात, म्हणजे ते काळं पडत नाही, हिरवं राहतं. मग ते वळत वळत सुकवतात. क्योतो भागातल्या उजीजवळच्या उजीतावारा गावात नागातानी सोएन यांनी १७३८मध्ये ही रीत बसवली आणि आजचा सेंचा तिच्यातूनच आला. याला पाणी ७० ते ८० अंशांचं लागतं. उकळतं पाणी ओतलं की कडूपणा आधी सुटतो आणि पानातली गोडी त्याखाली दबून जाते. वर दूध घातलं तर काहीच हाती लागत नाही. घरच्या माणसाने सवयीप्रमाणे दोन चमचे पातेल्यात उकळले, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डबा बंद केला, यात त्याची चूक नाही. चहाचीही नाही.

तेव्हा दुकानात शिरण्याआधी माणूस डोळ्यांसमोर आणा. दुधाचा चहा पिणाऱ्या घरासाठी माझी पहिली पसंती होजिचाला. हा भाजलेला चहा. रंग तपकिरी, वास खरपूस, आणि उकळतं पाणी त्याला चांगलं मानवतं. थोडा जास्त घालून कडक केला तर दूधही सोसतो. इथल्या कॅफेंमध्ये तो दुधातून सर्रास मिळतो. कॅफीन कमी, त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर आजी-आजोबांना द्यायलाही बरा. शिवाय तो स्वस्त आहे, आणि भेट म्हणून स्वस्त वस्तू द्यायचा संकोच इथे सोडायला हवा. पाच हजार येनचा ग्योकुरो, म्हणजे उंची हिरवा चहा, फडताळात ठेवण्यापेक्षा सातशे येनचा होजिचा महिनाभरात संपलेला कधीही चांगला. गेनमाईचात भाजलेला तांदूळ असतो, त्यातले काही दाणे लाह्यांसारखे फुललेले असतात. त्याचा वास आपल्या माणसांना लगेच ओळखीचा वाटतो. हिरव्या चहाशी पहिली ओळख करून द्यायची असेल तर ती याच्याकडून व्हावी.

आणि एक चहा असा आहे, जो आपल्यापैकी फार थोडे जण नेतात. वाकोचा, म्हणजे जपानी काळा चहा. याची गोष्ट प्रत्येक भारतीय घरात सांगण्यासारखी आहे. मेइजी सरकारला निर्यातीसाठी काळा चहा करायचा होता, पण तो करण्याची विद्या इथे नव्हती. तोकुगावा शोगुनांच्या पदरी असलेले आणि पुढे शिझुओकाजवळच्या मारिको इथे चहा लावून शेतकरी झालेले तादा मोतोकिची यांना सरकारने आधी चीनला आणि १८७६मध्ये भारतात पाठवलं. ते आसाम आणि दार्जिलिंगच्या मळ्यांत हिंडले, कारखाने बघितले, टिपणं काढली, आणि परतताना चहाचं बी घेऊन आले. त्या भारतीय बियाण्याच्या वंशातून निवडलेला बेनिहोमारे हा वाण १९५३मध्ये जपानच्या चहावाणांच्या सरकारी नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर आला. पुढे बेनिहोमारेचा संकर दार्जिलिंगहून आणलेल्या बियाण्यातल्या एका रोपाशी केला आणि बेनिफूकी तयार झाला. आज वाकोचाच्या पाकिटांवर हे नाव बऱ्याचदा दिसतं. मधल्या काळात, १९७१मध्ये काळ्या चहाची आयात खुली झाली, तेव्हा बाहेरच्या स्वस्त मालापुढे हा धंदा जवळजवळ बसला. गेल्या काही दशकांत लहान शेतकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला आहे. ज्यांच्याकडे कोरा चहा किंवा दार्जिलिंग पितात, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही. उकळतं पाणी, तीन-चार मिनिटं, झालं. आपल्या मातीतलं बी दीडशे वर्षं इथे वाढून पुन्हा आपल्या घरी जातं, याचा मला फार आनंद वाटतो.

सेंचा नेऊच नये असं नाही. ज्याला नवं चाखायची हौस आहे त्याच्यासाठी जरूर न्यावा, पण ताजा आणि थोडा. शंभर ग्रॅमला हजार येनच्या आसपास रोज पिण्याजोगा चांगला सेंचा मिळतो. 'इचिबानचा', म्हणजे पहिल्या खुडणीचा आहे का, एवढं विचारा. पाकिटावरची तारीख कुठवर वापरावा याची असते, खुडणीची नसते. फुकामुशी, म्हणजे जास्त वाफ दिलेला घेतला तर उत्तम. त्याची पानं मोडलेली असतात, चहा गढूळ हिरवा उतरतो, पण चव गोल असते आणि पाणी थोडं जास्त तापलं तरी तो सांभाळून घेतो. ज्या घरी टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं तिथे फिल्टरचंच पाणी वापरायला सांगा. इथलं पाणी मृदू आहे आणि हा चहा त्याच पाण्यासाठी घडलेला आहे.

माचाबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. 'सेरेमोनियल ग्रेड' नावाचं कोणतंही सरकारी प्रमाण जपानमध्ये नाही, त्या शब्दांवर पैसे मोजू नका. २०२४च्या शरदात मागणी इतकी वाढली की इप्पोदो, मारुक्यू कोयामाएन यांसारख्या क्योतो भागातल्या जुन्या पेढ्यांना गिऱ्हाइकामागे खरेदीची मर्यादा घालावी लागली. माचासाठी झुडपं तीन आठवडे किंवा जास्त झाकून ठेवतात, पानं सुकवून, शिरा काढून जात्यावर दळतात. दगडी जात्यावर तासाला जेमतेम चाळीसेक ग्रॅम निघतो. डबा उघडल्यावर तो काही आठवड्यांत फिका पडतो. अशी वस्तू पाच-सहा डबे उचलून वाटण्यासाठी नाही. घरी कुणी खरोखर चासेन, म्हणजे बांबूची घुसळणी, घेऊन घुसळणार असेल तर वीस-तीस ग्रॅमचा एक डबा न्यावा. बाकीच्यांनी तो दुकानातच राहू द्यावा, असं माझं मत आहे.

न्यायची काळजी वेगळी. आपण जातो ऐन पावसाळ्यात, आणि चहाचा पहिला शत्रू दमट हवा. एक मोठं पाकीट नेण्यापेक्षा पन्नास ग्रॅमची दोन-तीन न्या, एक संपलं की दुसरं उघडायचं. बंद पाकीट फ्रीजमध्ये चालतं, पण बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडू नये, नाहीतर आत दव धरतं. बॅगेत साबण-शांपूपासून दूर, आणि घरी मसाल्याच्या डब्यापासून त्याहून दूर ठेवा. चहा शेजारचा वास फार लवकर ओढून घेतो.

आता कुठून घ्यायचा. स्टेशनजवळच्या बाजारगल्लीत एखादं तरी जुनं चहाचं दुकान असतं, दारातच होजिचा भाजण्याचा वास येतो. तिथे जा. मालक किंवा मालकीणबाई बहुधा एक कप करून देतातच. भारतात न्यायचा आहे, आई-बाबा दुधाचा चहा पितात, असं सरळ सांगा, ते विचार करून पाकीट काढतात. ही दुकानं कमी होत चालली आहेत आणि त्यांना माल देणारे शेतकरी म्हातारे होत आहेत. शिझुओकाच्या उतारांवरचे मळे यंत्राने कापायला कठीण. २०२४मध्ये कच्च्या चहाच्या उत्पादनात सपाट जमिनीच्या कागोशिमाने शिझुओकाला प्रथमच मागे टाकलं. त्याच शिझुओकात मळ्याभोवतीचं रानगवत कापून झुडपांच्या मुळाशी घालण्याची जुनी पद्धत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३मध्ये तिला कृषिवारशाचा मान दिला. त्या उतारांवरचं एक पाकीट घेताना आपण काय टिकवायला हातभार लावतो, हे लक्षात असू द्यावं.

चहाशी आपलं इथलं नातंही जुनं आहे. टोकियोतल्या निशिकासाईत आज भारतीयांची एवढी वस्ती आहे, तिथे सुरुवातीला येऊन राहिलेले जगमोहन चंद्राणी हे चहाचेच आयातदार. आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं, त्या बागेत चहाची झुडपं आहेत. घरी चहा देताना पुणेकरांना हे आवर्जून सांगा. आणि पाकीट हातात देऊन थांबू नका. पहिल्या सकाळी ओट्याशी उभं राहून तो आपण स्वतः करून द्या, पाणी किती निवू द्यायचं ते दाखवा. पाकिटामागच्या जपानी सूचना घरी कुणाला वाचता येणार नाहीत.

टोकियोकरांसाठी एक प्रस्ताव आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. साइतामातला सायामा चहाचा प्रदेश आपल्यापासून जवळ आहे. इकेबुकुरोहून सेइबू रेल्वेने इरुमाला पोचायला पाऊण तास पुरतो. तिथले बहुतेक शेतकरी स्वतः पिकवतात, स्वतः वाफवून भाजतात आणि स्वतःच्याच दुकानात विकतात. थंडीमुळे पानं जाड, आणि शेवटची भाजणी जोरदार, त्यामुळे चव भरदार. जूनमधल्या दुसऱ्या खुडणीच्या वेळी मुलांना घेऊन तिथे जावं, मळा बघावा, चहा चाखावा आणि जुलैत गावी न्यायची पाकिटं तिथूनच घ्यावीत. ज्यांना यायचं आहे त्यांनी या महिनाअखेरपर्यंत कार्यवाहांकडे नावं द्यावीत. बरोबर लहान मुलं किती, तेही कळवावं.